उघड्या वाफ्याची वकिली

आमच्या कॉलनीतल्या परसबागवाल्यांची महिन्यातून एकदा बैठक भरते. बैठक म्हणजे कुणाच्या तरी गच्चीवर चहा-पोहे, घेवड्या-दोडक्याच्या बियांची देवाणघेवाण आणि शेवटी एकाचं भाषण. गेल्या खेपेला बोलायला काका होते. काका कृषी खात्यातून निवृत्त झालेले. उभी नोकरी शेतकऱ्यांच्या बांधावर गेली, त्यामुळे ते बोलू लागले की आम्ही वह्या काढतो. या वेळी विषय होता वाफ्यावर पाला पसरण्याचं खूळ, आणि सुरुवातच माझ्याकडे हात करून झाली. "यांच्या परसात जाऊन बघा. वांगं तोडायचं तर आधी कचरा उपसावा लागतो." सगळे हसले. मीही हसलो, गच्ची आणि पोहे दोन्ही त्यांचेच होते.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या वहिनींनी मिरचीच्या वाफ्यावरचा सगळा पाचोळा खराट्याने ओढून काढला, फाटकाबाहेर ढीग केला आणि काडी लावली. एप्रिलचा दुसरा आठवडा, सांगलीचं ऊन. दुपारी तीनला मिरच्यांनी माना टाकल्या होत्या. तेव्हा गप्प बसणं बरं वाटेना. काकांचा मान ठेवून, पण त्यांचा एकेक मुद्दा हातात धरून हे लिहितो आहे.

हे परदेशातून आलेलं फॅड आहे, असं काका म्हणाले. नावं परदेशी आहेत हे खरं. जपानच्या शिकोकू बेटावर मासानोबू फुकुओकांनी भाताचा पेंढा न कापता, न रचता तसाच शेतात परत विखरून टाकला आणि जगभर त्याचा गाजावाजा झाला. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या रूथ स्टाउट बाईंनी बागेवर वर्षभर गवत अंथरून कुदळ अडगळीत टाकली. पण कोकणात आंब्या-काजूच्या नव्या कलमांच्या आळ्यात पेंढा टाकणारा माणूस यांची पुस्तकं वाचून टाकतो का? माडाच्या बुंध्याभोवती नारळाची सोडणं पाठ वर करून रचणाऱ्याला, आल्याचे गड्डे लावले की वरून ओला पाला घालणाऱ्याला कोणी शिबिरात शिकवलं? घाटावरचंच बोलायचं तर भाजीची रोपं करताना गादीवाफ्यावर बी टाकून वरून वाळलं गवत पसरणं आणि कोंब दिसला की संध्याकाळच्या वेळी ते अलगद उचलणं, हे काकांनी स्वतः शेकडो शेतकऱ्यांना सांगितलं असेल. माझी आजी मेथीच्या वाफ्यावर ओलं गोणपाट टाकायची. त्याला तिने कधी नाव दिलं नाही, एवढंच.

आणि आपल्याच भागात श्री. अ. दाभोळकर होऊन गेले. गणिताचे प्राध्यापक. प्रयोग परिवाराच्या द्राक्षबागायतदारांना आणि गच्चीवर भाजी करणाऱ्यांना त्यांनी ऊन, पान आणि काडीकचरा यांचा हिशोब मांडायला शिकवला. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचं पुस्तक काकांच्या कपाटात आहे, मी पाहिलं आहे. उसाचं चिपाड, पालापाचोळा आणि ओंजळभर माती एवढ्यावर भाजी घेणाऱ्यांची एक पिढीच त्यांच्यामागे उभी राहिली. तेव्हा उगमाचा वाद इथेच मिटवू.

उलट गंमत अशी की थंड देशांत आच्छादनावर जो खरा, वजनदार आक्षेप घेतला जातो, तो आपल्याकडे लागूच होत नाही. हिवाळा संपला की तिथल्या माळ्याला माती लवकर तापायला हवी असते. वर गवताचा थर असला तर ती गारच राहते आणि पेरणी लांबते. म्हणून तिथले जाणते लोक वसंतात थर बाजूला सारतात. आपल्याला मार्च ते जून नेमकं उलटं हवं असतं. दुपारच्या उन्हात उघडी काळी माती इतकी तापते की अनवाणी पाय टेकवत नाही. त्याच मातीच्या वरच्या चार बोटांत मिरचीची आणि वांग्याची बारीक मुळं असतात. ती तिथे काय करत असतील, याचा विचार खराटा हातात घेताना करावा.

आता काकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो मी मुद्दाम सविस्तर घेतो, कारण तो बरोबर आहे आणि म्हणूनच फसवा आहे. ते म्हणाले, "आपल्या बापजाद्यांचं आच्छादन म्हणजे कोळपणी. एक कोळपणी म्हणजे अर्धं ओलित. वरची दोन बोटं माती भुसभुशीत केली की खालची ओल वर चढायची वाट तुटते. निसर्गाने मातीचंच पांघरूण दिलंय, त्यावर तुमचा पाला कशाला?"

मंगळवेढ्याकडे ज्याने मालदांडी ज्वारी पाहिली आहे तो यावर मान डोलावणारच. पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर, एकही पाणी न देता, खोल काळ्या रानात ती ज्वारी उभी राहते. तिथे कोळपणी दोन कामं करते. जमिनीला भेगा पडायला लागल्या की त्या बुजवते, आणि वर कोरड्या मातीचा थर ठेवते. ओल कोरड्या, सुट्या मातीतून सहज वर चढत नाही. त्यामुळे खालचं पाणी खालीच राहतं. सगळं मान्य.

पण त्या रानाला पुन्हा कोणी पाणी घालत नाही, हा त्यातला गाभा आहे. कोरडा थर कोरडा राहतो म्हणून तो पांघरुणाचं काम करतो. परसातल्या वाफ्यावर तुम्ही दर दिवसाआड नळी धरता. पहिल्या पाच मिनिटांत तुमचं ते मातीचं पांघरूण चिंब भिजतं, आणि भिजलेलं पांघरूण पांघरूण उरत नाही. ओली माती उन्हात पहिल्या दिवशी जवळजवळ उघड्या पाण्याच्या वेगानेच सुकते. तिचा वरचा पापुद्रा कोरडा झाला की मग तो वेग उतरतो. शेतात हा वेगवान दिवस हंगामात मोजक्या वेळा येतो. परसात तो आपण आठवड्यातून तीन-चार वेळा हाताने आणतो.

हिशोब करून पाहा. दख्खनच्या पठारावर मे महिन्यात उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला 10 मिलिमीटरच्या आसपास घटतं. एका चौरस मीटरवरचं एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. दहा फूट लांब, चार फूट रुंद वाफा म्हणजे पावणेचार चौरस मीटरला थोडा कमी. म्हणजे पाणी घातल्याच्या दिवशी, झाडं अजून लहान असताना, त्या उघड्या वाफ्यावरून सुमारे पस्तीस लिटर, दोन-अडीच बादल्या, मिरचीच्या तोंडी न लागता वर उडून जाऊ शकतात. पाला घातला तर त्यातलं सगळं वाचत नाही. थराखालूनही वाफ निघतेच. पण ऊन थेट मातीला लागत नाही, वारा घासत जात नाही. माझ्या परसात गेल्या उन्हाळ्यात दोन वाफे शेजारी शेजारी होते, एक झाकलेला, एक उघडा. झाकलेल्याला तिसऱ्या दिवशी पाणी पुरायचं. उघड्याला रोज द्यावं लागायचं आणि तरी दुपारी तो मलूल दिसायचा. ज्या गावात पाऊस वर्षाला 600 मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तिथे हा फरक लहान नाही.

शिवाय कोळपं रानात चालतं; परसात चालतं ते खुरपं. वांग्याच्या बुडाशी दर आठवड्याला खुरपं फिरवलं की तण निघतं आणि त्याबरोबर वरवरची मुळंही तुटतात. ते तुटलेलं कुणाला दिसत नाही, म्हणून त्याची तक्रार होत नाही.

पाण्याबद्दल आणखी एक. आपण वाफ्यावर नळी धरतो किंवा वळिवाची सर येते, तेव्हा माती नुसती भिजत नाही, तिला मार बसतो. पावसाचा टपोरा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. त्याने मातीचे खडे फुटतात, बारीक गाळ छिद्रांत बसतो आणि ऊन पडलं की वर कडक खपली धरते. मग काका म्हणतात, "बघा, माती घट्ट झाली, खुरपा." खपली उघडेपणाने आणायची आणि खुरपं घेऊन ती फोडायची, असा हा कामाचा रतीब. पाल्याचा थर थेंबाचा मार स्वतःवर घेतो. पाणी खाली झिरपतं, आपटत नाही. खालची माती बहुतेक वेळा वाफशावर असते. बोट घालून पाहा, ढेकळासारखी लागत नाही.

नत्राचा मुद्दा काकांनी फळ्यावर आकडे लिहून मांडला. कुजणाऱ्या काडीकचऱ्यातले सूक्ष्मजीव जगायला नत्र घेतात. पाल्यात कर्ब भरपूर आणि नत्र थोडं, तेव्हा ते मातीतलं नत्र ओढतात आणि पीक पिवळं पडतं. शास्त्र बिनचूक आहे. कर्ब-नत्र गुणोत्तर पंचवीस-तीसच्या वर गेलं की ही ओढाताण सुरू होते. वाळलेली पानं त्याच्या बरीच वर असतात, लाकडाचा भुसा तर शेकड्यांत. मी हा धडा स्वतः फी भरून शिकलो आहे. सुताराकडून पोतंभर भुसा आणला, मोठ्या हौसेने वाफ्यात कुदळीने मिसळला, आणि त्या हंगामात वांग्याची पानं लिंबासारखी पिवळी झाली.

पण 'मिसळला' या शब्दाशी थांबा. भुसा मातीत गेला की त्याचा प्रत्येक कण मातीला चिकटतो आणि मुळांच्या पंगतीत बसून नत्र खातो. तोच भुसा, तोच पाला वर पसरला तर मातीला लागतो तो फक्त त्याचा तळ. ओढाताण त्या चिंचोळ्या सीमेपुरती राहते. मुळं त्याच्या खाली असतात. गाडणं आणि झाकणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि काकांचं सगळं गणित गाडण्याचं होतं. ज्याला तरीही धाकधूक वाटते त्याने पाला पसरण्याआधी वाफ्यावर मूठ-दोन मुठी शेणखत किंवा चाळलेलं कंपोस्ट टाकावं. हरभऱ्याचं किंवा सोयाबीनचं भुसकट मिळालं तर हा प्रश्न आणखी हलका होतो, कारण द्विदल पिकांच्या काडात नत्र बरं असतं.

मग वाळवी. वाळवी मेलेलं लाकूड, वाळलेली काडी खाते. ते तिचं काम आहे. कोरड्या ठणठणीत वाफ्यावर जाड काटक्या टाकून पाणी द्यायचं विसरलात तर ती येणार, आणि तहानलेल्या मिरचीच्या बुडालाही तोंड लावणार. तेव्हा काटक्या नकोत, थर ओलसर असावा, आणि खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी. घराच्या भिंतीला, जोत्याला टेकून पाल्याचा ढीग करू नये, हे काकांनी सांगितलं ते सोन्यासारखं आहे.

गोगलगायीबद्दल मात्र मी त्यांच्याशी अर्ध्यावर सहमत आहे. पावसाळ्यात ओल्या पाल्याखाली शंखी गोगलगाय दिवसा लपते आणि रात्री कोवळी रोपं फस्त करते. पण 2022 च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडे गोगलगायींनी सोयाबीनची उगवती रोपं खाल्ली ती शेतं काही पाल्याने झाकलेली नव्हती. तिला बांध पुरतो, दगड पुरतो, गवताचा झुबका पुरतो. संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याच्या कडेला टाकून ठेवावं, पहाटे उलटावं, खाली जमलेल्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. दहा दिवस नेमाने केलं तर उपद्रव आटोक्यात येतो. आणि पाला मृगाच्या तोंडावर पातळ करावा. याबद्दल पुढे बोलतो.

साप हा शब्द काकांनी शेवटी काढला आणि तिथेच सभा जिंकली. सापाचं नाव घेतलं की बाकी सगळे मुद्दे खिडकीतून बाहेर जातात. मी त्याला हसत नाही. घोणस वाळल्या पानांच्या रंगात अशी मिसळते की वीतभर अंतरावरूनही दिसत नाही. पण साप येतो उंदरांमागे, आणि उंदीर येतात सांडलेल्या धान्यामागे, खरकट्यामागे, विटांच्या आणि लाकडांच्या ढिगामागे. वाफ्यावरचा दोन-तीन इंचांचा थर उंदराचं घर होत नाही. आमच्या कॉलनीतल्या निम्म्या परसांत जुन्या फरशांचे, मोडक्या कुंड्यांचे, लाकडी पेट्यांचे ढीग वर्षानुवर्षं आहेत, आणि काकांच्या परसातही आहेत. आधी ते हलवा. पाल्यात हात घालण्याआधी काठीने हलवून पाहणं आणि अंधारात अनवाणी वाफ्यात न जाणं हे पाला असो वा नसो, पाळायलाच हवं.

आता ज्या गोष्टीवर काका बोललेच नाहीत, पण जी मला या सगळ्याच्या मुळाशी दिसते, ती म्हणजे अंगण. आपल्याकडे झाडलेलं, सडा घातलेलं अंगण म्हणजे घराची अब्रू. ती शिस्त मला प्रिय आहे. पण अंगण आणि वाफा यांत आपण फरकच करेनासे झालो. अंगणाची माती चोपून घट्ट केलेली असते, तिच्यात काही उगवू नये हाच तिचा हेतू. वाफ्यात उगवावं म्हणून तर आपण त्याला वाफा म्हणतो. तरीही रोज सकाळी तोच खराटा अंगणातून सरळ वाफ्यात शिरतो. घरात पाहुणा येणार असेल तर जरा जास्तच.

काकांच्या विरुद्ध एवढं बोलल्यावर माझ्या बाजूच्या भक्तमंडळींनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, कारण आच्छादन बदनाम होतं ते त्यांच्यामुळे. "बारा महिने, सगळ्या पिकांवर, वीतभर थर" असं सांगणारे व्हिडिओ मी पाहिले आहेत. तो माणूस काळ्या रानात ऑगस्ट महिना काढत नाही, हे त्याच्या चपलांवरून कळतं. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी आधीच निचरत नाही. त्यावर जाड थर ठेवला तर मुळं गुदमरतात आणि रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. तेव्हा इथे जूनमध्ये थर पातळ करा, वाफे गादीसारखे उंच करा, आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा भरा. कोकणातल्या लाल जांभ्या मातीत, उतारावर, हा सल्ला उलटा लागतो. तिथे उघडा वाफा एका मुसळधार पावसात वाहून जातो, म्हणून पावसाळ्यातही पाला हवाच. मेथी, कोथिंबीर, पालक फोकून पेरले असतील तर उगवेपर्यंत जाड पाला घालू नका. टोमॅटो-मिरचीच्या रोपांनाही पाच-सहा पानं येऊ द्या.

पाला कोणता, हेही पाहावं लागतं. वडाची, फणसाची, आंब्याची चामड्यासारखी पानं कौलांसारखी एकावर एक बसतात आणि पाणी बाजूला घालवतात. ती पायाने तुडवून चुरून घ्या. नीलगिरीचा पाला नको. फुलावर आलेलं गाजरगवत तर अजिबात नको, नाहीतर पुढल्या वर्षी तुम्ही फक्त गाजरगवत खुरपाल. रसवंतीवरची चिपाडं उत्तम, पण दोन दिवस उन्हात वाळवा, नाहीतर मुंग्यांची जत्रा. आणि लव्हाळ्याबद्दल कोणी काही आश्वासन देत असेल तर विश्वास ठेवू नका. लव्हाळा पाल्यातून येतो, पुठ्ठ्यातून येतो, प्लॅस्टिकला भोक पाडूनही येतो. तो खोदूनच काढावा लागतो, गाठीसकट.

प्लॅस्टिकचं नाव निघालंच आहे तर तेही. भाषणाच्या शेवटी काकांनी सुचवलं की झाकायचंच असेल तर पंचवीस-तीस मायक्रॉनचा चंदेरी-काळा कागद घाला, शेतकरी घालतात. एकरभर टोमॅटो आणि ठिबक असलेल्या शेतकऱ्याचं गणित वेगळं. मजुरी वाचते, तण दबतं, चंदेरी बाजूने मावा-तुडतुडे काहीसे बिचकतात. पण त्याच्या खाली मातीला खायला काही मिळत नाही. परसात दोन उन्हाळ्यांनी त्याच्या चिंध्या होतात आणि त्या चिंध्या आयुष्यभर खुरप्याला लागत राहतात. पाला मात्र सहा महिन्यांत मातीत विरून जातो. पुन्हा घालावा लागतो, ही त्याच्याविरुद्ध तक्रार म्हणून सांगितली जाते. पोळीबद्दल अशी तक्रार कोणी केल्याचं मी ऐकलेलं नाही.

राहता राहिला तो फाटकाबाहेरचा धूर. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, साध्या जाळण्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला 25,000 रुपये दंड ठरवून. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी बागेतला पाला वेगळा, आपल्याच आवारात ठेवायला सांगितलं. आमच्या कॉलनीत दर रविवारी सकाळी सात-आठ ठिकाणी धूर दिसतो, आणि त्याच संध्याकाळी तीच घरं नर्सरीतून गांडूळखताची पिशवी विकत आणतात. कायद्याची भीती दाखवायला मी हे सांगत नाही. वहिनींनी जाळलेला ढीग साधारण चार पोती होता. तेवढ्यात त्यांचे तिन्ही वाफे जूनपर्यंत झाकले गेले असते.

तर कॉलनीतल्या सगळ्यांना विनंती अशी. रस्त्याकडेच्या शिरीष आणि गुलमोहराची पानगळ अजून चालू आहे. ज्यांना पाला नको असेल त्यांनी तो पोत्यात भरून माझ्या फाटकाशी ठेवावा. चुरण्याचं काम माझं. पोती धुऊन, वाळवून दुसऱ्या दिवशी परत मिळतील. काका, तुमचीसुद्धा.